पिठासारखा खर्रा

१

तिरोड्यात माझं मोटरपंप रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिथे येणारा माणूस मोटर कमी आणि गोष्टी जास्त घेऊन जातो. बोदलकसाच्या तलावात मी धरलेल्या मरळीच्या पोटातून जिवंत कोंबडा निघाला आणि निघाल्याबरोबर आरवला, ही गोष्ट माझीच. त्या कोंबड्याला पुढे पोहता येत होतं, हेही मीच वाढवलं. लोक हसतात, चहा सांगतात, मोटर विसरून जातात.

ही गोष्ट सांगितली तेव्हाही लोक हसायच्या तयारीनं बसले होते. कोणी हसलं नाही आणि कोणी विश्वासही ठेवला नाही. नका ठेवू. मला राग आला आहे, तो कुठे ठेवू ते कळत नाही, म्हणून सांगतो आहे.

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा भुपेंद्र. कामठ्याला चार एकर धानाची शेती, वय चौतीस, बायको दामिनी. बहीण आणि दाजी दोघंही आता नाहीत, म्हणजे वडीलधारा म्हणायला मीच. गेल्या डिसेंबरात दामिनीचा फोन आला.

"मामाजी, तुमच्या भाच्याचं तोंड उघडून नाही राहिलं."

"भांडलीस का काही?"

"मस्करी नका करू. घास जात नाही तोंडात."

सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून लाकडी पाटीवर घोटला की होतो खर्रा. आमच्याकडे शाळेतला पोरगा खातो, त्याला शिकवणारा गुरुजी खातो, आणि गुरुजीला समजावायला आलेला साहेबही खातो. वर्षानुवर्षं खाल्लं की गाल आतून पुठ्ठ्यासारखे कडक होतात आणि तोंड हळूहळू बंद होत जातं.

नागपूरच्या डॉक्टरनं माझ्यासमोरच मापलं. चांगल्या माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. भुपेंद्रच्या तोंडात एक, तेही मुश्किलीनं. गालाच्या मागच्या बाजूला पांढरा चट्टा होता. डॉक्टर म्हणाला, "आत्ता काढला तर चट्टा. दोन महिन्यांनी काढला तर जबडा." पुढच्या शुक्रवारची तारीख दिली. अट एकच. आठ दिवस सुपारीचा कण तोंडात जायला नको. दिसला तर टेबलावरून परत.

दुकानाला कुलूप लावून मी कामठ्याला गेलो.

२

गेल्या गेल्या भुपेंद्रच्या पाया पडलो. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं, पण आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा पाळण्यात असला तरी पडतो. भाच्यावर हात उचलत नाहीत, भाच्यानं मागितलं तर नाही म्हणत नाहीत. तसं केलं तर पाप लागते, असं माझी आजी सांगायची, आणि मी आजीच्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवला नाही तरी ह्या एका गोष्टीवर ठेवला.

"मामा, तू कायले आलास? मी काय लहान लेकरू हाय?" भुपेंद्र दातांच्या फटीतून बोलला. आता त्याचे सगळे शब्द तिथूनच येत.

"तुझी बायको चांगली पेज रांधते म्हणून आलो."

त्या पहिल्या दिवशी मी त्याचे खिसे उलटे केले. गादीखाली, सायकलच्या पिशवीत, मोटरसायकलच्या डिकीत, देवाच्या फोटोमागे, सगळीकडे पाहिलं. काही मिळालं नाही. तो पायरीवर बसून माझ्याकडे पाहत होता, जसं कोणी दुसऱ्याच्या घरची झडती पाहावी.

दिवस असा जायचा. सकाळी तांदळाची पातळ पेज, तीही स्ट्रॉनं. मग तोंड उघडायचा व्यायाम, त्यासाठी डॉक्टरनं लाकडी पट्ट्या दिल्या होत्या. अकरा वाजले की दामिनी मिक्सर लावायची. दुपारी भुपेंद्र मागच्या खोलीत पडायला जायचा. मागच्या खोलीत ह्या वर्षीच्या धानाचे कट्टे होते, गच्च भरलेली पोती, भिंतीच्या कडेनं छतापर्यंत थप्पी. त्या खोलीत थंडीतही ऊब असते आणि नव्या धानाचा वास असतो, म्हणून त्याला तिथे झोप लागते, असं दामिनी म्हणाली.

एक वाजता तो बाहेर आला. मी समोर बसलो होतो.

"आ कर."

"मामा..."

"आ कर म्हटलं ना."

एक बोट तोंड उघडलं. आतून चुन्याचा ताजा वास आला. जिभेवर तांबडं होतं.

खोलीला दार एकच होतं, आणि मी अकरापासून त्या दारासमोर पाय पसरून बसलो होतो. जाताना त्याच्या अंगावर लुंगी आणि बनियन, दुसरं काही नाही.

३

चौकात विक्कीचा पानठेला आहे. मी तडक तिथे गेलो आणि त्याची कॉलर धरली.

"मामा, कसम से," विक्की म्हणाला, "दिवाळीपासून भुपेंद्रभाऊ माझ्याकडे नाही आला. अख्ख्या गावात कोणाकडेच नाही आला. आम्ही तर समजलो, सुधरला."

"मग कोण देते त्याले?"

"गोंदियातून कोणी आणून देत असेल."

"तो घराच्या बाहेरच नाही जात."

विक्कीनं खांदे उडवले आणि दुसऱ्या एका पोराचा खर्रा घोटायला घेतला. पन्नीची घडी, त्यावर तळहात, पाटीवर मागे-पुढे. घसर, घसर, घसर. मी तसाच उभा राहिलो. हा आवाज मी त्या दिवशी ऐकला होता, ह्या चौकात नाही, घरात. मिक्सरच्या घरघरीखाली. अठ्ठावीस वर्षं मी मोटरी ऐकतो आहे. कोणती मोटर रिकामी फिरते आणि कोणत्या मोटरीवर वजन आहे, हे मला पाठमोऱ्यानंही कळतं. दामिनीचा मिक्सर त्या दिवशी रिकामा फिरत होता.

४

दुसऱ्या दिवशी अकराला तिनं बटण दाबलं आणि मी वायर काढली.

मिक्सर थांबला. घर शांत झालं. एक कावळा ओरडत होता, लांब कुठे तरी ट्रॅक्टर चालू होता. आणि मागच्या खोलीतून, बंद दाराआडून, घसर, घसर, घसर. घाई नाही, थांबणं नाही. भुपेंद्र माझ्यासमोर खाटेवर बसला होता. अजून आत गेला नव्हता. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

मी म्हटलं उंदीर. उंदीर कट्टा कुरतडतो तेव्हा असाच आवाज येतो, फक्त उंदीर तालात कुरतडत नाही. मग म्हटलं शेजारची बाई पाट्यावर वाटत असेल. शेजारच्या घराला कुलूप होतं, ते लोक रब्बीच्या पेरणीला गेले होते. मग मी दार उघडून आत गेलो.

आवाज थांबला.

खोलीत कट्टे, एक फाटकी सतरंजी, छताजवळ एक झरोका आणि अंगणाकडे एक लहान खिडकी. कट्टे सादळू नयेत म्हणून थप्पी भिंतीपासून वीतभर दूर लावतात, ती फट. वीतभर म्हणजे किती, हात लावून पाहा. मांजर जाईल. मी टॉर्च मारली. भिंत आणि अंधार.

सतरंजीवर मात्र एक पन्नी होती. घडी घातलेली, आत खर्रा. मी तो खिशात घातला. बाहेर आलो, दार ओढलं आणि आवाज परत सुरू झाला, जसा माणूस पाहुणा उठून गेल्यावर अर्धं राहिलेलं काम हातात घेतो.

दामिनी ओट्याला टेकून उभी होती.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून."

"आणि तू मिक्सर लावून बसतेस?"

"मग काय करू मामाजी?" ती माझ्यावर एकदम उसळली. "त्याले सांगून पाहिलं. रडून पाहिलं. चार दिवस जेवले नाही. माहेरी गेले, परत आले. कोणाले सांगू, खोलीत कोणी तरी माझ्या नवऱ्याचा खर्रा घोटते म्हणून? तुमाले सांगितलं असतं तर तुम्ही दुकानात हसून हसून सांगितलं असतं."

हे खरं होतं. मिक्सरची वायर तिच्या हातात दिली.

५

तो खर्रा मी विक्कीच्या पुढे टाकला. त्यानं पन्नी उघडली, चिमूट घेतली, बोटांत चोळली आणि उजेडात धरून पाहिली.

"हा कोणी घोटला मामा?"

"तूच सांग. तुझा धंदा आहे."

"मी एक खर्रा तीन मिनिटांत घोटतो. फार झालं तर चार. हे पाहा." त्यानं बोट दाखवलं. "सुपारीचा कणही लागत नाही. पीठ हाय पीठ. हे घोटायला दोन घंटे लागले असतील. इतना टाइम कौन देता है?"

"काऊन घोटते कोणी असा?"

विक्कीनं पन्नी परत घडी करून माझ्याकडे सरकवली. हात पॅंटला पुसला.

"ज्याचं तोंड उघडत नाही ना, त्याच्यासाठी. फटीतून जायला पाहिजे म्हणून."

मी परत चालत आलो. वाटेत भेटणाऱ्या माणसांना रामराम घातला की नाही, आठवत नाही. मला कळत होतं की भीती वाटायला पाहिजे, पण वाटत होता तो राग, आणि तोही त्या घोटणाऱ्याचा नाही. तो जे कोणी होता त्यानं काळजी घेतली होती. पोरगा खाऊ शकत नाही म्हणून बारीक केलं होतं. आई घास कुस्करते तसं. राग मला भुपेंद्रचा आला. बायको पेज गाळून गाळून देते ती त्याला कडू लागते आणि हे गोड लागतं.

आणि एक गोष्ट आहे, ती मी दुकानात कधी सांगितली नाही. भुपेंद्र चौदा वर्षांचा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे आला होता. मी खर्रा खात होतो तेव्हा. त्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, मामा, मले दे ना. मी हसलो. दिला. भाच्याला नाही म्हणत नाहीत. चिमूटभर दिला, आणि त्याला ठसका लागला तेव्हा सगळे हसले, मी सगळ्यांपेक्षा जास्त हसलो. मी नंतर सोडला. माझं तोंड आजही चार बोटं उघडतं, म्हणून तर एवढं बोलतो.

६

त्या दिवसापासून मी मागच्या खोलीला कुलूप लावलं. चाबी करदोऱ्याला बांधली.

भुपेंद्र भांडला नाही. रविवारी तो खाटेवर पडून राहिला. सोमवारी अकरा वाजता आवाज सुरू झाला तसा तो उठून बसला आणि कुलपाकडे पाहत राहिला. आतलं घोटणं एकपर्यंत चाललं. मग थांबलं. मग आतून काहीच नाही, आणि ते काहीच नाही जास्त वाईट होतं, कारण कोणी तरी घोटून तयार होऊन बसलं आहे, हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं. मंगळवारी भुपेंद्रला घाम फुटला, त्यानं पेज ओकली. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, जिंकलो. तीन दिवस झाले. तोंड स्वच्छ. दामिनीनं त्या दिवशी मिक्सर लावला नाही. तिनं बोरांची चटणी केली आणि मला दोन वेळा वाढली.

बुधवारी साडेबाराला तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोळ्यांतून पाणी गळत होतं. पुसतही नव्हता.

"मामा, चाबी दे."

"परवा शुक्रवार आहे, भाचेबुवा."

"माहीत हाय मले. खायाचं नाही. फक्त सांगून येतो."

"काय सांगतोस?"

"की आता नको घोटू."

आता मला म्हणा, किती मूर्ख. मीही म्हणतो, रोज म्हणतो. पण तो भाचा होता आणि त्यानं हात पुढे केला होता. पन्नास वर्षांच्या हाडांत मुरलेली गोष्ट डोक्याला विचारत नाही. माझी बोटं करदोऱ्याची गाठ सोडायला लागली होती तेव्हा मी स्वतःशी म्हणत होतो, नाही म्हण, शालीकराम, नाही म्हण. चाबी त्याच्या हातात पडली.

तो आत गेला आणि दार लोटून घेतलं. मी अंगणातून फिरून लहान खिडकीशी गेलो. खिडकीला जुना पडदा होता, तो बोटभर सरकवला.

ऊन झरोक्यातून थप्पीच्या कडेवर पडलं होतं. भुपेंद्र सतरंजीवर मांडी घालून बसला होता, फटीकडे तोंड करून. घोटणं थांबलं. सांगून येतो म्हणाला होता, एक शब्द बोलला नाही.

फटीतून हात आला.

मनगटापर्यंत आला. स्वच्छ, धुतलेला, नखं कापलेली, बोटांची टोकं चुन्यानं पांढरी. तळहातावर पन्नी उघडी. देणारा मोठ्या माणसाला देताना उजव्या हाताला डावा हात लावतो, आपल्याकडची रीत आहे ती, तसा दुसरा हात खालून येऊन त्या मनगटाला टेकला. मी अंगठे पाहिले. परत पाहिले. दोन्ही हात उजवे होते.

पण मी खिडकीचे गज घट्ट धरले ते त्यासाठी नाही. हात पुढे आला आणि थांबला. भुपेंद्रच्या तोंडापासून हातभर लांब. तो पुढे सरकला नाही. त्यानं ओढलं नाही, धरलं नाही, इशारासुद्धा केला नाही. नुसता पन्नी धरून राहिला. कोपऱ्यात एक माशी भिरभिरत होती, मी तिचे फेरे मोजले, बारा झाले, हात तसाच.

वाकला तो माझा भाचा.

स्वतःहून वाकला. मान लांब केली आणि तोंड उघडलं. जिथे डॉक्टरचं एक बोट मुश्किलीनं गेलं होतं तिथे मला त्याची पडजीभ दिसली. पूर्ण उघडलं, चौदा वर्षांच्या पोरासारखं.

७

मी आत शिरलो तेव्हा फटीत काही नव्हतं. भुपेंद्रचं तोंड मिटलेलं होतं, ओठाच्या कोपऱ्यावर पिवळं पीठ. मी त्याला मारलं. एक थप्पड, पूर्ण हातानं. भाच्याला. माझा तळहात दुखला. तो गाल नव्हताच, लाकूड होतं.

मग मी कट्टे ओढायला लागलो. दामिनी धावत आली, काही विचारलं नाही, दुसऱ्या टोकाला धरलं. साठ कट्टे आम्ही दोघांनी खोलीच्या मधोमध आणून टाकले. मागे भिंत होती. साधी, शेणानं सारवलेली, कोरडी भिंत. खाली जमिनीवर पन्न्या होत्या. धुतलेल्या, चार पदरी घडी घातलेल्या, एकीवर एक, गुडघ्याएवढ्या. दामिनी त्या ढिगाऱ्याकडे पाहत खाली बसली.

"तो देते," मी भुपेंद्रवर ओरडलो, "पण तू घेते काऊन? त्यानं तुझ्या तोंडात कोंबलं का? मी पाहिलं. त्यानं नाही कोंबलं."

"नाही कोंबत तो," भुपेंद्र शांतपणे म्हणाला. गाल चोळत होता.

"मग?"

"तू रागावतोस. ही रडते. डॉक्टर भेव दाखवते. सारे मले काही ना काही करतेत, मामा. तो काही नाही करत. तो फक्त थांबते."

"मरशील तू."

"माहीत हाय."

"तुले जगायचं नाही का?"

त्यानं गाल चोळायचं थांबवलं. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. कर्ज आहे, दुःख आहे, आईची आठवण आहे, असं काही तरी, ज्याला मी हात घालू शकेन. मी मेकॅनिक आहे. मला जळलेली वायर दाखवा, मी बदलतो.

"जगायचं हाय ना," तो म्हणाला. "कोण म्हणते नाही?"

त्याला खरंच तसं वाटत होतं. हेच मला सहन झालं नाही.

८

कट्टे परत लावले नाहीत. गुरुवारी ती भिंत उघडी होती, समोरचं सगळं उजेडात. मी दिवसभर तिच्यासमोर बसलो आणि आवाज नव्हता. संध्याकाळी भुपेंद्रनं स्वतः ब्रश केला, मीठपाण्यानं चुळा भरल्या, मला तोंड दाखवलं. नागपूरला नेण्यासाठी कपडे भरले. डॉक्टरला बुधवारची गोष्ट सांगायची नाही, एवढं दोघांनी मिळून ठरवलं. दामिनीनं फाइल पिशवीत घातली, मग काढली, परत घातली.

शुक्रवारी गाडी साडेअकराची होती. गावातल्याच कैलाशची. अकराला भुपेंद्र नवा शर्ट घालून पायरीवर बसला होता आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी तो पायरीवर नव्हता.

घसर, घसर.

खोलीत मधोमध टाकलेल्या कट्ट्यांचा ढीग होता. त्या ढिगात, दोन कट्ट्यांच्या मधे, जिथे वीतभर सोडा, जेमतेम बोटभर फट होती, तिथे तोंड करून तो बसला होता.

मी ओरडणार होतो. त्याला बखोटीला धरून गाडीत कोंबणार होतो, कैलाश आणि मी दोघं मिळून सहज कोंबू शकलो असतो. मी दारातून परत फिरलो, चुलीजवळ गेलो, वाटीत कोमट पेज घेतली, स्ट्रॉ घातला. दामिनी म्हणाली, "मामाजी, गाडी येईल आता." मी म्हटलं, "येऊ दे." मग खोलीत जाऊन त्याच्या दुसऱ्या बाजूला बसलो आणि वाटी पुढे धरली. एक शब्द बोललो नाही. माझ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. तोंडात शिव्यांचा डोंगर होता, तो मी दातांनी धरून ठेवला.

घोटणं थांबलं. त्या बाजूनंही हात आला.

इतक्या जवळून मी तो पाहिला. त्याच्यावर लव होती, एका बोटावर जुना कापलेला व्रण होता, कोणाच्याही हातावर असतो तसा. मी जास्त पाहिलं नाही. भुपेंद्रकडे पाहिलं.

त्यानं एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा पन्नीकडे. बाहेर हॉर्न वाजला. कैलाश ओरडला, "चला मामा, पाचच्या आत भरती व्हायचं हाय."

भुपेंद्र माझ्याकडे वाकला. ओठ हलले, बोटभर उघडले, स्ट्रॉ आत गेला. एक घोट. गळ्याची घाटी खालीवर झाली. दुसरा घोट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसू शकलो नाही, हात अडकलेला होता. तिसरा घोट घेऊन त्यानं स्ट्रॉ सोडला, माझ्याकडे पाहून हसला. लहानपणी हसायचा तसंच हसला. आणि तसाच हसत, मान वळवून, दुसरीकडे वाकला.

दारात दामिनी उभी होती. तिनं पाहिलं. मी तिला काही सांगायची गरज नव्हती. ती वळली आणि अंगणात तिचा आवाज ऐकू आला, अगदी नेहमीचा, "कैलाशभाऊ, आज नाही जमत. तुम्ही जा." कैलाश काही तरी म्हणाला. ती म्हणाली, "नाही, तब्येत बरी हाय त्याईची." मग गाडी सुरू झाली आणि आवाज पाणंदीतून दूर गेला.

"पुढच्या तारखेले पक्का, मामा," भुपेंद्र भरल्या तोंडानं म्हणाला.

शुक्रवार चुकला तर पुढची तारीख दोन महिन्यांनी, असं डॉक्टर म्हणाला होता.

माझा हात खांद्यापासून दुखायला लागला होता, वाटीतली पेज हलत होती. समोरचा हात हलत नव्हता. पन्नी रिकामी झाली तरी तो मागे गेला नव्हता. मी डावा हात उजव्याच्या खाली लावला आणि वाटी आणखी थोडी पुढे केली.